दम्याचा दाखला

मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्याहून शिरपूरकडे निघाला की तापीचा पूल येण्याआधी नरडाणा लागतं. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गही इथूनच जातो. एका बाजूला शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. दुसऱ्या बाजूला अमळनेर, धरणगाव, जळगाव. इथली औद्योगिक वसाहत अलीकडची, आणि धुळे-नरडाणा लोहमार्गाचं भूमिपूजन तर फेब्रुवारी २०१९ मधलं. पण रस्ता आणि रूळ जिथं एकत्र येतात तिथं मालाबरोबर साथही येते आणि साथीमागून लसही. एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबई-नाशिककडून घरी निघालेले मजूर डोक्यावर बोचकी घेऊन याच महामार्गानं मध्य प्रदेशाच्या हद्दीकडे चालत गेले. त्यानंतर वर्षही पुरं व्हायच्या आत कोरोनाची लस आली.

१६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. १ मार्चला साठीपुढच्यांची पाळी आली आणि त्यांच्यासोबत ४५ ते ५९ वयाच्या, सहव्याधी असलेल्यांची. सहव्याधी कोणत्या, याची वीस कलमांची यादी केंद्र सरकारनं काढली. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यासाठी तीत एक कलम होतं: गंभीर श्वसनविकारामुळे गेल्या दोन वर्षांत रुग्णालयात राहावं लागलेलं असावं, किंवा एफईव्ही-१ पन्नास टक्क्यांपेक्षा कमी असावा. त्यावर नोंदणीकृत डॉक्टरांची सही हवी.

एफईव्ही-१ म्हणजे छाती भरून श्वास घेऊन जोरानं फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा. ती मोजायचं यंत्र स्पायरोमीटर. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरानं १८४६ मध्ये त्याचा वापर जगापुढे मांडला. नाकाला चिमटा लावतात, नळी ओठांत घट्ट धरायला सांगतात, आणि शेजारी उभा तंत्रज्ञ ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ म्हणत राहतो. दमेकऱ्याला ही फुंकरच जड जाते. निम्म्यात खोकला येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशी तपासणी बहुतेक शहरातल्या छातीच्या डॉक्टरांकडे होते. खेड्यातला दमेकरी आयुष्यभर दम्याचा असतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीनं. ‘दम लागस’ एवढं इथल्या अहिराणी बोलीत सांगितलं की गावच्या डॉक्टरला कळतं. तो गोळ्या देतो, जमल्यास इंजेक्शन देतो. कागद मागे राहत नाही.

इथं, खानदेशात, हे दुखणं आलं कुठून? पहिली जागा स्वयंपाकघर. कपाशीच्या काड्या, तुराट्या, गोवऱ्या हे इथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं जळण. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही फुप्फुसाचा दीर्घ अडथळ्याचा आजार, म्हणजे सीओपीडी, मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे, हे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून ठासून मांडलं. गॅसची उज्ज्वला योजना आली ती २०१६ मध्ये. त्याच वर्षी भारतात सीओपीडीचे साधारण साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज नंतरच्या एका देशव्यापी अभ्यासानं काढला.

दुसरी जागा कापसाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं १८६१ नंतर तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, जळगावला सूतगिरणी निघाली, विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरची प्रताप मिल. पिंजाई-कताई खात्यांत वर्षानुवर्षं तंतूंची धूळ ओढणाऱ्यांना बिसिनोसिस होतो. त्याची ओळख अशी की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती सगळ्यात जास्त आवळते. कायद्यानं हा व्यवसायजन्य आजार मानलेला आहे, भरपाईही मिळते. पण तिथंही आधी निदानाचा कागद लागतो. दोंडाईचा आणि नंदुरबारच्या मिरची बाजारात ठसका तर हंगामभर हवेतच असतो.

लसीचा आणि पुराव्याचा संबंध मात्र याहून जुना आहे. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. ती यशस्वी झालेली भारतातली पहिली. लस बगदादहून बसऱ्यामार्गे आली होती. तेव्हा ती बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडात. म्हणजे लस पुढच्या गावी न्यायची तर आधी टोचलेलं मूल न्यावं लागे, आणि कोणती आई ते सुखासुखी देईल? पुढे वासराच्या लसीनं तो प्रश्न सोडवला. मुंबईत १८७७ च्या कायद्यानं देवी काढणं सक्तीचं झालं, जिल्ह्यांसाठी १८९२ चा कायदा आला. देवी काढल्यावर फोड धरला की नाही ते पाहत आणि मग दाखला देत. दाखला हरवला तरी बिघडत नसे. दंडावरचा वण जन्मभर साथ देई. भारतातली शेवटची देवी १९७५ मध्ये आढळली; त्याआधी जन्मलेल्या अनेकांच्या दंडावर तो वण आजही सापडतो.

ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत पोहोचली ती १९०० च्या सुमाराला, म्हणजे ऐन प्लेगच्या दिवसांत. प्लेग मुंबईत १८९६ ला उघडकीला आला. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं कोरोनासाठी वापरला तोही हाच. रेल्वे प्रवाशांची तपासणी होई, संशयितांना अडकवून ठेवत. लस घेतल्याचा दाखला दाखवला तर या जाचातून सवलत मिळे. या लसीचा दंडावर कायमचा वण उठत नसल्यामुळे इथं कागदाला मोल आलं. गावोगावी मात्र लोकांनी आपला जुना उपाय केला: गाठीचा ताप आला की घरं सोडून शेतात झोपड्या घालायच्या.

फुप्फुसासाठी म्हणावी अशी पहिली लस बीसीजी. तिची देशव्यापी मोहीम १९५१ मध्ये सुरू झाली. पुढे मद्रासजवळच्या चिंगलपेटमधल्या प्रचंड चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ती आळा घालत नाही असं दिसलं, तरी बालकांच्या जीवघेण्या क्षयासाठी ती राहिली आणि डाव्या दंडावर आपला वण उमटवत राहिली. १९९५ पासून पल्स पोलिओ आला आणि वणाची जागा शाईनं घेतली. बूथवरच्या ताईनं बाळाची डावी करंगळी रंगवली की झालं.

देवीचा वण, प्लेगचा दाखला, पोलिओची शाई हे सगळे पुरावे लस मिळाल्यानंतरचे. २०२१ च्या मार्चनं क्रम उलटा केला. आधी आजार सिद्ध करा, मग सुई. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याकडे निदान तपासणीची चिठ्ठी तरी असे. पण चुलीपुढे तीस वर्षं काढलेल्या पन्नाशीच्या बाईनं आयुष्यात नळीत फुंकर घातलेली नसे, आणि धाप लागली म्हणून कुणी तिला रुग्णालयात ठेवलेलंही नसे. यादी कडक असण्यामागे कारण होतं. डोस मोजके होते आणि साधा, आटोक्यातला दमा कोरोनात फारसा धोका वाढवत नाही, असं तोवर दिसू लागलं होतं. धोका होता तो गंभीर आजाराला. ब्रिटननंही सरसकट दमेकऱ्यांना आधी घेतलं नाही. स्टेरॉइडचे वारंवार डोस लागलेल्यांना किंवा रुग्णालयात राहिलेल्यांनाच घेतलं. फरक एवढाच की तिथं दवाखान्याचं दप्तर माणसाला शोधून निरोप धाडत होतं. इथं माणसानं दप्तर घेऊन यायचं होतं.

शंकाही होत्याच. लसीनं दम उसळेल का? इन्हेलरचा पंप चालू असताना टोचून घ्यावं का? ‘पंप लागला की सुटत नाही’ हा समज आधीपासूनचा, त्यात ही भर. छातीच्या डॉक्टरांचा सल्ला साधा होता: लस घ्या, पंप बंद करू नका, धाप उसळली असेल किंवा ताप असेल तर तेवढे दिवस थांबा.

दाखल्याची अट महिनाभरच टिकली. १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढच्या सर्वांना लस खुली झाली. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांचीही पाळी आली, पण त्यांची वेळ ऑनलाइनच घ्यायची होती, आणि त्यासाठीच्या को-विन संकेतस्थळावर मराठी आली जूनमध्ये. शहरातली पोरं खेड्यातल्या केंद्रांच्या वेळा पटकावून गाडीनं येऊ लागली. मेच्या मध्याला राज्यानं अठरा ते चव्वेचाळीसचं लसीकरण थांबवून साठा वयस्कांकडे वळवला. पुढे नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ मोहिमेत आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघर गेल्या. शेजारचा नंदुरबार तेव्हा देशातल्या लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांत मोडत होता.

१० जानेवारी २०२२ ला तिसऱ्या, म्हणजे खबरदारीच्या डोसाला सुरुवात झाली, तेव्हा साठीपुढच्यांसाठी सहव्याधीची अट पुन्हा आली. मात्र डॉक्टरचा दाखला मागायचा नाही, असं केंद्रानं राज्यांना आधीच कळवलं होतं. मार्चमध्ये ती अटही गेली. वय सांगायला आधार कार्ड पुरतं, फुप्फुसाची अवस्था सांगायला पुरत नाही, हे सरकारी कारभाराला वर्षभरात उमगलं.

२०२४ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत प्रौढांना बीसीजी देण्याची मोहीम निघाली. त्यासाठी सहा गट ठरले: साठीपुढचे, अतिशय कमी वजनाचे, मधुमेही, धूम्रपान करणारे, आधी क्षय झालेले आणि क्षयरुग्णाच्या सहवासातले. मधुमेह आणि धूम्रपान यांबाबत माणसाच्या तोंडच्या शब्दावर भागत होतं. विडी ओढणारा त्या यादीत होता. कपाशीच्या काड्यांचा धूर ओढणारीसाठी वेगळा रकाना तेव्हाही नव्हता.