मोटार आधी, इंधन मागाहून

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघाले की हॅरिस पूल ओलांडताच दापोडी लागते. येथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. कारखान्यातून आलेल्या चासीवर आपल्या खेड्यापाड्यांत चालेल अशी बस बांधायची, हे तिचे काम. तेथून काही किलोमीटरवर पिंपरीत १९९५ साली नेमके उलटे काम सुरू झाले. युरोपसाठी आखलेली मोटार येथे जोडली जाऊ लागली. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांनी १९९४ मध्ये संयुक्त कंपनी काढली आणि टेल्कोच्या आवारात मर्सिडीजच्या ‘ई-क्लास’ मोटारी तयार होऊ लागल्या. ही ओळख जुनीच होती. १९५४ ते १९६९ या काळात जमशेदपूरला याच दोघांच्या सहकार्याने ट्रक बनत होते.

या मोटारीचे मूळ मात्र तिच्या एका धाकट्या भावंडात आहे. १९७३ मध्ये तेलसंकट आले. १९७५ मध्ये अमेरिकेने कायदा केला की, कंपनीच्या सर्व मोटारींची मिळून इंधनखपत ठरावीक सरासरीत बसली पाहिजे. मोठ्या मोटारी बनवणाऱ्यांना त्यामुळे लहान मोटारीचा विचार करावा लागला. डिसेंबर १९८२ मध्ये मर्सिडीजची ‘१९०’ आली. लांबी सुमारे ४.४ मीटर, पण बाकी थाट मोठ्या मोटारीचा.

अडचण कोठे होती? मोटार हलकी झाली तरी माणसे हलकी होत नाहीत! तेच प्रवासी, तेच सामान. एकूण वजनात त्यांचा वाटा वाढतो. ओझ्याने गाडी खाली बसली की चाकांचा कल बदलतो आणि वळणावर पकड सुटू शकते. म्हणून मागचे प्रत्येक चाक पाच स्वतंत्र दांड्यांनी धरण्याची रचना केली गेली. १९८४ मध्ये तीच रचना मोठ्या मोटारीत आली आणि ही मोठी मोटार पुढे पिंपरीला पोचली. ‘१९०’ ची वारस ‘सी-क्लास’ (१९९३) ही त्यानंतर काही वर्षांनी आपल्याकडे आली.

दांड्या आणि स्प्रिंगा पेटीत घालून आणता येतात. इंधन मात्र जागेवरचेच घ्यावे लागते, आणि खरा प्रश्न तेथेच होता. युरोपात १९८० च्या दशकात पेट्रोल मोटारींच्या धुराड्यात उत्प्रेरक बसू लागला, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. चिनीमातीसारख्या पदार्थाच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अतिशय पातळ थर असतो. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून साधा नायट्रोजन मिळतो. उत्प्रेरकाचे काम पृष्ठभागावर चालते. पेट्रोलमध्ये शिसे असेल तर ते या पृष्ठभागावर बसते आणि उत्प्रेरक निकामी होतो.

आपल्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसे होते. इंजिनाची ‘खटखट’ थांबवण्यासाठी शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये घालण्याची युक्ती १९२१ मध्ये अमेरिकेत सापडली होती. धुरातून बाहेर पडणारे शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि तेथील नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक सक्तीचा झाला. या चारांत पुणे नव्हते. म्हणजे मोटार पिंपरीत बनू लागली, पण तिला मानवणारे पेट्रोल आधी मुंबईत आले. यामागे प्रदूषणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या खटल्यांचा रेटा होता. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोल शिसेमुक्त झाले.

गंधकाची कथाही अशीच आहे. तेही उत्प्रेरकाला बाधते. डिझेलमधील गंधक टप्प्याटप्प्याने कमी होत एप्रिल २०२० मध्ये देशभर दहा लाख भागांत १० भागांवर आले. तोवर मर्सिडीजचा कारखाना चाकणला गेला होता (२००९).

महागडी मोटार थोड्यांनाच परवडते. पण स्वच्छ इंधन पंपावर आले की ते सर्वांचे होते. दापोडीत बांधलेल्या बसमध्येही तेच डिझेल पडते आणि शिसेमुक्त हवा पायी शाळेत जाणाऱ्या मुलालाही मिळते. रसायनशास्त्रात उत्प्रेरक शिकवताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: एखादे यंत्र परदेशातून आणायचे, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय बदलावे लागेल?