खोकल्यावरील पातळ औषधे व बालन्यूमोनिया-नियंत्रण : चंद्रपूर–गडचिरोली

खोकला हा स्वतंत्र रोग नसून श्वसनमार्गाच्या अनेक विकारांत आढळणारे लक्षण आहे. सर्दी, श्वासनलिकाशोथ (ब्राँकायटिस), फुप्फुसशोथ (न्यूमोनिया), दमा, क्षय इ. विकारांत तो उद्भवतो. त्यावर दिल्या जाणाऱ्या पातळ औषधांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात : खोकल्याची उबळ कमी करणारी किंवा कफ पातळ करणारी लक्षणशामक औषधे आणि रोगकारक जंतूंचा नाश करणारी प्रतिजैव औषधे. दोन्ही गोड व रंगीत असून सारख्याच बाटल्यांतून मिळतात. त्यांचे कार्य मात्र सर्वस्वी भिन्न आहे. हा भेद ओळखण्याचे साधे तंत्र खेड्यातील कार्यकर्त्यांच्या हाती आल्यामुळे गडचिरोली जिल्ह्यातील बालमृत्यू घटल्याचे विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात दिसून आले.

पार्श्वभूमी : पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे सु. तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाखाली असून गोंड, माडिया इ. आदिवासींची वस्ती तेथे मोठी आहे. पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर आला की, भामरागडसारख्या भागातील गावांचा संपर्क तुटतो. खोकणाऱ्या बालकाला रुग्णालयापर्यंत नेणे अनेकदा अशक्य होई. मुलांच्या पोट उडून धाप लागणाऱ्या आजाराला विदर्भात ‘डबा’ म्हणतात. आजार लोकांच्या परिचयाचा होता. परंतु त्यावरील परिणामकारक औषध गावात नव्हते. चुलीचा धूर, कुपोषण व जन्मतः कमी वजन ही कारणे रोगाची तीव्रता वाढवीत. प्रौढांत धूम्रपान व धूर यांमुळे, तसेच चंद्रपूर परिसरातील कोळशाच्या खाणींसारख्या व्यवसायांतील धुळीमुळे चिरकारी श्वासनलिकाशोथ संभवतो. त्याची चिकित्सा वेगळी असते.

क्षेत्रीय प्रयोग : डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात बालन्यूमोनिया-नियंत्रणाचा प्रयोग हाती घेतला. ५८ गावांत (पाच वर्षांखालील ६,१७६ बालके) योजना राबविण्यात आली व ४४ गावे (३,९४७ बालके) तुलनेसाठी ठेवण्यात आली. निमवैद्यकीय कर्मचारी, ग्रामीण आरोग्यसेवक व परंपरागत सुईणी यांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्साझोल हे औषध देण्याचे शिक्षण देण्यात आले. त्याच्या जोडीला लोकशिक्षणही करण्यात आले.

न्यूमोनियाचे निदान क्ष-किरण चित्राविना करण्याचा पाया श्वासांची गणना हा होता. बालक शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. दोन महिन्यांहून लहान अर्भकात ते ६० वा अधिक व दोन ते बारा महिन्यांच्या बालकात ५० वा अधिक असल्यास श्वास जलद समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार एक ते पाच वर्षे वयात ही मर्यादा ४० आहे.

अनेक सुईणी निरक्षर असल्याने त्यांना इतक्या आकड्यांपर्यंत मोजणे कठीण जाई. त्यासाठी ‘श्वासगणक’ हे साधन तयार करण्यात आले. त्यात एक मिनिटाची वाळूची घटिका व मण्यांच्या दोन ओळी असतात. दोन महिन्यांखालील अर्भकांच्या ओळीत पाच निळे व एक तांबडा, तर मोठ्या बालकांच्या ओळीत चार निळे व एक तांबडा मणी असतो. दर दहा श्वासांना एक मणी सरकवितात. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध देतात. ज्या बालकाला नुसताच खोकला आहे, त्याला प्रतिजैव औषधाची गरज नसते, हेही याच मोजणीने ठरते.

फलित : प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगक्षेत्रातील न्यूमोनियाच्या ७६ टक्के आजारांवर उपचार पोहोचले. उपचार झालेल्या ६१२ रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण ०·८ टक्के, तर तुलनाक्षेत्रातील रुग्णांत ते १३·५ टक्के होते. एका वर्षानंतर पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगक्षेत्रात ८·१ व तुलनाक्षेत्रात १७·५ होते. अर्भकमृत्युमान अनुक्रमे ८९ व १२१ होते. इतर कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दोन्ही क्षेत्रांत जवळजवळ सारखे होते. औषधाचा खर्च प्रत्येक बालकामागे वर्षाला ०·०२५ डॉलर इतकाच आला. अनेक देशांतील अशा प्रयोगांच्या २००३ मधील एकत्रित विश्लेषणातही पाच वर्षांखालील एकूण मृत्यूंत सु. २४ टक्के घट आढळली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने अशा न्यूमोनियासाठी को-ट्रायमॉक्साझोलऐवजी ॲमॉक्सिसिलीन या औषधाची शिफारस केली.

औषधाची शुद्धता : निदान अचूक असूनही औषध दूषित असेल, तर ते घातक ठरते. पातळ औषधांत वापरल्या जाणाऱ्या ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल इ. द्रव्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळले गेल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरिनामुळे १४ रुग्ण दगावले व त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. २०२५ मध्ये नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्यावरील औषधामुळे वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणले होते. तपासणीत त्या औषधाच्या एका उत्पादन-गटात या विषाचे प्रमाण ४८·६ टक्के आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०·१ टक्का आहे. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत व पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देऊ नयेत, अशी सूचना काढली.

सुरक्षित वापर : तीव्र श्वासनलिकाशोथ बहुधा विषाणुजन्य असल्याने प्रतिजैव औषधाविना आपोआप बरा होतो, खोकला मात्र दोन-तीन आठवडे टिकू शकतो. कफ पडत असताना खोकला दडपणारे औषध सहसा योग्य नसते. कोडीनयुक्त औषधे बारा वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. त्यांमुळे श्वसन मंदावते व सवय लागते. दुसऱ्या रुग्णासाठी लिहून दिलेले किंवा उरलेले औषध वापरू नये. मात्रा घरातील चमच्याने न मोजता बाटलीसोबतच्या मापानेच मोजावी; बालकांची मात्रा वजन व वय पाहून ठरते. प्रतिजैव औषध सांगितलेले सर्व दिवस द्यावे. बाळाचा श्वास जलद होणे, छाती आत ओढली जाणे, अंगावर पिणे बंद होणे, झटके किंवा ग्लानी येणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच, तसेच औषध घेतल्यावर लघवी कमी झाल्यास, बालकास तत्काळ रुग्णालयात न्यावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यात औषधाची बाटली बदलत न बसता क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घेणे आवश्यक असते.