सोमवारचा राजमा, रविवारचे कालास

न्यू ऑर्लिन्स, 1795. रविवारची प्रार्थना आटोपून लोक नव्या चर्चमधून बाहेर पडताहेत, त्यांच्याबरोबर तुम्हीही चौकात येता. डिसेंबरातल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. कोपऱ्याकोपऱ्यावर काळवंडलेल्या तुळयांशेजारी नवं लाकूड रचलेलं दिसतं. गाव फ्रेंचांनी 1718 मध्ये वसवलं, आज राज्य स्पेनचं आहे. गर्दीतून सुरात हाक येते. डोक्याला रंगीत रुमाल बांधलेली, आफ्रिकी वंशाची एक बाई टोपलीतले गरम कालास विकते आहे.

एक घ्या. रात्री मऊ शिजवलेला भात घोटून, आंबवून ठेवलेला असतो. सकाळी त्यात अंडी, साखर, पीठ आणि जायफळ घालून चमच्याचमच्याने गोळे तळतात. अनारशाच्या पिठाला येतो तसा किंचित आंबूस वास नाकाशी येतो, मग दाताखाली कुरकुरीत पापुद्रा फुटतो आणि आतला मऊ भात लागतो.

या शहराला भात शिकवला तो अशाच हातांनी. 1719 मध्ये गुलाम म्हणून पकडलेली आफ्रिकी माणसं घेऊन पहिली जहाजं लुईझियानाला, म्हणजे न्यू ऑर्लिन्स ज्यात आहे त्या वसाहतीला, पोचली. बियाण्याचे तांदूळ आणा आणि भातशेती जाणणारी माणसंही आणा, असा कप्तानांना हुकूम होता. भेंडीही आफ्रिकेतूनच आली. जिच्यामुळे रस्सा दाट होतो तीच ही भेंडी, आणि गंबो या इथल्या प्रसिद्ध रश्श्याला नावही तिच्यावरून मिळालं असं मानतात.

कालास रविवारी का, ते या बाईच्या कनवटीला लावलेल्या पैशांत दडलंय. रविवारी गुलामांना मालकाच्या कामातून सुट्टी असते, आणि स्पॅनिश कायद्यानुसार ठरलेली किंमत भरून स्वतःला सोडवता येतं. विकलेला प्रत्येक गोळा तिला त्या रकमेच्या थोडं जवळ नेतो. पुढे लुईझियाना अमेरिकेकडे जाईल आणि काही वर्षांत हा हक्कही जाईल. आज मात्र टोपली रिकामी होते आहे. पैसे मोजून तिच्या हातावर ठेवा.

आता काळ पुढे सरकवा: 1890, जानेवारीची पहाट. तुम्ही पश्चिमेला, बायू टेश या जलप्रवाहाच्या काठी उभे आहात. पाणी इतकं संथ, की कुठल्या बाजूला वाहतंय ते कळू नये. हे केजन लोकांचं गाव. त्यांच्या पूर्वजांना 1755 पासून इंग्रजांनी आजच्या कॅनडातल्या अकेडियातून हुसकावलं. घरं जाळली, कुटुंबं वेगवेगळ्या जहाजांत कोंबली. 1765 मध्ये त्यांचा म्होरक्या जोसेफ ब्रूसार्ड याच्याबरोबर एक मोठा जथा इथे पोचला. 1785 मध्ये फ्रान्समध्ये अडकलेली आणखी माणसं सात जहाजांतून आली.

आज बूशरीचा दिवस आहे. डुक्कर कापलं की एका घराला न संपणारं मांस हाती येतं आणि ते टिकवायला बर्फ नाही. म्हणून थंडीत शेजारीपाजारी पाळी लावतात: आज या घरचं डुक्कर, पुढच्या वेळी त्या घरचं, आणि वाटा सगळ्यांना. अंगणात लोखंडी कढईत चरबीचे कुरकुरीत तुकडे तळले जाताहेत. एका टेबलावर काळीज, मांस, भात आणि कांद्याची पात एकत्र करून आतड्यात भरताहेत, हे बूदँ. ते गरम असतानाच टोक दाबून आतलं सारण थेट तोंडात घ्यायचं.

चुलीपाशी घरातल्या आजी तुमच्या हाती लाकडी चमचा देतात. कढईत चरबी आणि मैदा आहे. "ढवळत राहा. हात थांबला की करपलं." पांढरं पीठ आधी सोनेरी, मग तांबूस, मग गडद तपकिरी होतं आणि सुक्या मेव्यासारखा खमंग वास सुटतो. हा रू. त्यात कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी पडते, मग कोंबडी आणि धुरावलेलं आंदुई सॉसेज. टोमॅटो नाही. वाढताना भातावर रस्सा, आणि कढई उतरवल्यावर वरून ससाफ्रासच्या पानांची हिरवट पूड. ही फिले पूड चॉक्टॉ या इथल्या मूळ रहिवाशांची देणगी. ती रटरटत्या रश्श्यात घातली, तर तार सुटते. गंबोच्या या एका वाडग्यात फ्रेंच रू, चॉक्टॉ पूड आणि आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी रुजवलेला भात आहे. तुम्ही तो निपटून खाता.

आणखी वीस वर्षं पुढे, परत न्यू ऑर्लिन्समध्ये. सोमवार आहे आणि मागच्या अंगणात धुण्याचा ढीग. घरातल्या बाईंनी रात्री राजमा भिजवला होता. रविवारच्या जेवणातलं हॅमचं हाड त्यात घालून पातेलं मंद आचेवर ठेवलंय. दिवसभर कपडे घासायचे, तेव्हा चुलीकडे बघायला सवड नाही. राजम्यालाही तशी देखरेख लागत नाही. संध्याकाळी काही दाणे पातेल्याच्या कडेला दाबून फोडले की रस्सा लोण्यासारखा दाट होतो. सोबत पांढरा भात. याच शहरात नऊ वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग वाढतो आहे. जगप्रसिद्ध झाल्यावरही पत्राखाली सही करताना तो राजमा-भाताचं नाव घालायचा.

शेवटचा थांबा 1962 चा. ट्रेमे वस्तीतल्या ऑर्लिन्स अव्हेन्यूवर डूकी चेझ रेस्टॉरंट आहे. वरच्या मजल्यावर नागरी हक्कांच्या लढ्यातले कार्यकर्ते, कृष्णवर्णीय आणि गोरे, एकाच टेबलाशी बसलेत. असं एकत्र जेवणं या राज्यात बेकायदा आहे. लीया चेझ खेकडा, कोळंबी, सॉसेज आणि कोंबडी घातलेला गंबो वाढतात आणि बैठक सुरू राहते. तुमच्या पुढ्यातही वाडगा येतो. खुर्ची पुढे ओढून खायला लागा, इथे ते पुरेसं धाडस आहे.

आता आजच्या काळात या. लीयाबाई 2019 मध्ये गेल्या, रेस्टॉरंट त्यांचं कुटुंब चालवतं. ईस्टरआधीच्या गुरुवारी तिथे गंबो झर्ब, म्हणजे अनेक पालेभाज्यांचा हिरवा गंबो मिळतो, तेव्हा शक्य असेल तर तो दिवस साधा. सोमवारी शहरात कुठेही राजमा-भात मागा. वसंतात गेलात तर केजन भागातल्या ब्रो ब्रिजला क्रॉफिश एतुफे हा दाट रस्सा खा. गोड्या पाण्यातल्या त्या चिमुकल्या शेवंडांचा हंगाम तोच. लाफायेतच्या आसपास बूदँ घ्यायला मांसाच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर जा, तिथे ते ताजं असतं. कालास आता मोजक्या ठिकाणी उरलेत. दिसले तर सोडू नका.

गंबो मात्र एका ठिकाणी खाऊन थांबू नका. प्रत्येक ठिकाणी विचारा: रू किती गडद केला, भेंडी घातली की फिले, आणि कुणाकडून शिकलात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लांबतं, कारण ते आजी, पणजी करत मागे जातं आणि बहुतेक वेळा अशा बाईपाशी पोचतं जिचं नाव कुठल्याच पाककृतीच्या पुस्तकात छापलेलं नाही. गुलामीत आणलेल्या आणि घरादारातून हुसकावलेल्या माणसांनी, हाताशी होतं तेवढ्यावर, अमेरिकेतला सर्वांत समृद्ध स्वयंपाक उभा केला. तो चाखायला जाणाऱ्याने त्यांची गोष्टही ऐकून यावी, इतकं तरी आपण त्यांचं देणं लागतो.