उडत्या पक्ष्याचे छायाचित्र : संस्करणाची मर्यादा

छायाचित्र टिपल्यानंतर त्यातील उजेड, रंग व चौकट यांत केलेल्या फेरफारास संस्करण म्हणतात. डोळ्यांना जे दिसले ते स्पष्ट करणे हा त्याचा हेतू होय.

गोव्याच्या नद्यांवर व किनाऱ्यावर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार याचे उत्तम उदाहरण आहे. तिचे डोके व छाती पांढरी, उरलेले अंग तांबूस आणि पंखांची टोके काळी असतात. उजेड वाढवताना पांढऱ्या पिसांतील बारीक रेषा पुसल्या जाऊ नयेत. पंखाखालची सावली किंचित उजळावी. ती पूर्ण काढल्यास पक्षी आकाशावर चिकटवल्यासारखा भासतो. चौकट कापताना पक्ष्याच्या पुढे मोकळी जागा राखावी.

या घारीचे अल्पवयीन पक्षी तपकिरी असतात. त्यामुळे रंग मनाजोगा बदलल्यास वयाची खूण हरवते. गळालेले पीस भरून काढल्यास पिसे झडण्याच्या काळाची नोंद नष्ट होते. अभ्यासक अशा खुणांवरच विसंबतात. म्हणून आकाश बदलले असल्यास तसे चित्राखाली नमूद करावे आणि मूळ ‘रॉ’ फाइल जपून ठेवावी.