अ‍ॅडमिरल फोन श्पे आणि त्यांचा ताफा

माक्सिमिलियान फोन श्पे यांचा जन्म 22 जून 1861 रोजी कोपनहेगनमध्ये झाला. 1878 मध्ये ते जर्मन आरमारात दाखल झाले आणि 1912 च्या अखेरीस पूर्व आशिया ताफ्याचे प्रमुख झाले. चीनच्या किनाऱ्यावरचे त्सिंगताव हे या ताफ्याचे ठाणे. ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाऊ’ या त्यातल्या दोन चिलखती क्रूझर. त्यांचे गोलंदाज नेमबाजीसाठी नावाजलेले होते.

ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा श्पे पॅसिफिक महासागरात होते. जपान विरोधात उतरल्याने त्सिंगतावला परतणे म्हणजे कोंडीत सापडणे होते. त्यांनी ‘एमडेन’ला हिंदी महासागरात धाडले, याच जहाजाने 22 सप्टेंबरला मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. उरलेला ताफा दक्षिण अमेरिकेकडे वळला. वाटेत हक्काचे बंदर नव्हते आणि कोळशाची चिंता रोजची होती.

1 नोव्हेंबरच्या संध्याकाळी चिलीच्या कोरोनेलजवळ ब्रिटिश अ‍ॅडमिरल क्रॅडॉक यांच्याशी गाठ पडली. श्पे यांनी सूर्य बुडेपर्यंत कळ काढली. मग पश्चिमेच्या तांबूस आकाशावर ब्रिटिश जहाजांच्या आकृत्या ठळक उमटल्या आणि जर्मन जहाजे किनाऱ्याकडच्या अंधारात मिसळली. ‘गुड होप’ व ‘मॉनमथ’ सुमारे 1,600 खलाशांसह बुडाली. जर्मनांचा एकही माणूस दगावला नाही. मात्र मोठ्या तोफांचा जवळपास निम्मा दारूगोळा संपला होता आणि तो भरून मिळण्याची सोय जगाच्या त्या टोकाला कुठेच नव्हती. या विजयानेच ताफा दुबळा झाला.

अशा स्थितीत ब्रिटिशांच्या फॉकलंड बेटांवर चाल करण्याचा त्यांचा निर्णय चुकीचाच म्हणावा लागेल. काही कप्तानांचाही त्याला विरोध होता. 8 डिसेंबरला तिथल्या पोर्ट स्टॅन्लीत ‘इन्व्हिन्सिबल’ व ‘इन्फ्लेक्सिबल’ या बलाढ्य ब्रिटिश बॅटलक्रूझर कोळसा भरत होत्या. त्यांचा वेग आणि तोफांचा पल्ला दोन्ही सरस होते. लहान जहाजांना निसटता यावे म्हणून श्पे दोन मोठ्या क्रूझर घेऊन उलटे फिरले. ‘शार्नहॉर्स्ट’वरचे कोणीही वाचले नाही. श्पे यांचे दोन्ही मुलगेही त्याच दिवशी गेले: ओटो ‘न्यूर्नबर्ग’वर, हाइनरिख ‘ग्नायझेनाऊ’वर. निसटले ते एकटे ‘ड्रेस्डेन’. तेही मार्च 1915 मध्ये संपले.

1934 मध्ये जलावतरण झालेल्या ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ या युद्धनौकेला त्यांचे नाव मिळाले. डिसेंबर 1939 मध्ये माँटेव्हिडिओजवळ तिच्याच कप्तानाने ती बुडवली. ‘शार्नहॉर्स्ट’चे अवशेष 2019 मध्ये फॉकलंडजवळ समुद्रतळाशी सापडले.