बॉस्टनची मैफल : सॉनी रोलिन्स यांच्या उत्तरकालीन वादनाचे एक साधन

संगीताच्या इतिहासात ध्वनिमुद्रिकेस अस्सल साधनाचा मान मिळतो. ती कोणी व कशी मुद्रित केली, याची छाननी मात्र क्वचितच होते. अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स (जन्म १९३०) यांची ‘विदाऊट अ साँग’ ही मुद्रिका या दृष्टीने लक्षणीय होय.

मुंबईस हे नाव अपरिचित नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रोलिन्स पवईच्या आश्रमात स्वामी चिन्मयानंदांच्या परंपरेतील वेदान्ताच्या अभ्यासासाठी राहिले होते. १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ महोत्सवासाठी ते पुन्हा मुंबईस आले. वादन हेच आपले ध्यान, ही धारणा त्यांनी पुढे अनेकदा व्यक्त केली. साहजिकच, बंद दालनात यंत्रासमोर वाजविताना त्यांस समाधान लाभत नसे. त्यांच्या १९७२ नंतरच्या स्टुडिओतील मुद्रिकांवरून टीकाकारांनी ऱ्हासाचा निष्कर्ष काढला. मैफलींचे श्रोते निराळेच सांगत.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. रोलिन्स यांचे घर तेथून हाकेच्या अंतरावर होते. दुसऱ्या दिवशी सॅक्सोफोन तेवढा घेऊन त्यांस घर सोडावे लागले. बॉस्टनची ठरलेली मैफल रद्द करावी, असे त्यांस वाटत होते. पत्नी ल्यूसिल यांच्या आग्रहाने ती १५ सप्टेंबरला झाली. रोलिन्स तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. आरंभीचे गीत त्यांनी १९६२ च्या ‘द ब्रिज’ या मुद्रिकेतही वाजविले होते. तेथे ते साडेसात मिनिटांत आटोपते. येथे त्याचा विस्तार सोळा मिनिटांहून अधिक आहे. हा केवळ लांबीचा फरक नव्हे. मूळ स्वरावली न सोडता तिच्याभोवती पुनःपुन्हा नवी मांडणी करण्याची वृत्ती येथे मोकळेपणाने दिसते, व ऱ्हासाचा सिद्धान्त टिकत नाही.

आणि हे साधन उरले ते कार्ल स्मिथ या संग्राहकामुळे. त्यांनी श्रोत्यांत बसून, अनुमतीविना, ही मैफल मुद्रित केली. महाराष्ट्रातही मैफलींची पुष्कळ मुद्रणे रसिकांच्या खासगी संग्रहांतूनच पुढे आली. कलावंताच्या हक्काचा प्रश्न येथे उपस्थित होतोच, व तो गौण नाही. रोलिन्स यांचाही अशा चोरट्या मुद्रणांना प्रथम विरोध होता. तथापि त्यांच्याच संमतीने २००५ मध्ये ही मुद्रिका प्रसिद्ध झाली. ल्यूसिल यांचे निधन त्यापूर्वीच, २००४ मध्ये, झाले होते. २००८ पासून निघालेल्या ‘रोड शोज’ या मैफलींच्या मालेतही स्मिथ यांच्या संग्रहाचा उपयोग करण्यात आला.