योजनाचे किलोमीटर : प्राचीन लांबीमापनाच्या रूपांतराचा प्रश्न

प्राचीन भारतीय ग्रंथांतील लांबीच्या एककांचे मेट्रिक पद्धतीत रूपांतर करताना कोष्टक व प्रमाण यांतील भेद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. कोष्टक एककांचे परस्परसंबंध सांगते. मूळ एकक प्रत्यक्षात किती लांब होते, हे त्यावरून ठरत नाही.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) ८ यवोदरांचे १ अंगुल, २४ अंगुलांचा १ हात, ४ हातांचा १ दंड, २००० दंडांचा १ क्रोश आणि ४ क्रोशांचे १ योजन असे कोष्टक आहे. त्यानुसार एका योजनात ७,६८,००० अंगुले होतात. 'आर्यभटीया'त (इ. स. ४९९) ४ हातांचे, म्हणजे ९६ अंगुलांचे, 'नृ' हे माप असून ८००० नृ म्हणजे १ योजन होय. अंगुलांची संख्या तीच येते.

मात्र पृथ्वीचा व्यास आर्यभट १०५० योजने सांगतात, तर भास्कराचार्य सुमारे १५८१. आज ज्ञात असलेला १२,७४२ कि.मी. हा सरासरी व्यास गृहीत धरून उलट गणित केल्यास आर्यभटांचे योजन १२.१ कि.मी., तर भास्कराचार्यांचे ८.१ कि.मी. ठरते. अंगुल अनुक्रमे १५.८ व १०.५ मि.मी. येते. दुसऱ्या अंगुलाने हात अवघा २५ सें.मी. भरतो, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या अंतराशी तो मुळीच जुळत नाही. याउलट हात ४५ सें.मी. मानल्यास योजन १४.४ कि.मी. होते आणि व्यास अनुक्रमे १५,१२० व सुमारे २२,७७० कि.मी. येतात.

खगोलगणितातील योजन व्यवहारातील योजनाहून भिन्न असणे शक्य आहे. परंतु त्यास स्वतंत्र पुरावा हवा. आधुनिक व्यासावरून योजन ठरवायचे आणि त्याच योजनाने प्राचीन व्यास अचूक असल्याचे सिद्ध करायचे, हा चक्रक तर्क होय.

जे रूपांतराविनाही टिकते, ते अधिक मोलाचे आहे. भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने दिला आहे. त्यास व्यासाने भागल्यास ३.१४१६ हे गुणोत्तर मिळते. योजनाची लांबी कोणतीही माना, ते बदलत नाही. म्हणून प्राचीन गणिताचे मूल्यमापन करताना गुणोत्तरांस अग्रक्रम द्यावा आणि किलोमीटरमधील प्रत्येक आकड्यासोबत गृहीत धरलेल्या अंगुलाचे मान नोंदवावे.